ठाऊक असूनही

ब्लॅक पँथरला अमेरिकेच्या सरकारनं बंदुकीनं नाही, गर्द पाजून संपवलं. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते वस्तीतल्या एका अभ्यासवर्गात, विशीत असताना. ते मनात इतकं घट्ट बसलं की पुढं दोन-तीन सभांमध्ये मीही ते तसंच म्हणून टाकलं. लोकांना पटायचं. ब्लॅक पँथर म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या पोरांचा लढाऊ पक्ष. मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती त्या पोरांचंच नाव घेऊन. त्यामुळं त्यांचं पुढं काय झालं हे आमच्याकडं नात्यातल्या माणसाची विचारपूस करावी तसं विचारलं जातं. आणि नात्यातलं तरणंताठं माणूस अचानक गेलं की कुणीतरी काहीतरी घातलं असणार, ही शंका आधी येते.

आज मी ते वाक्य त्या शब्दांत म्हणणार नाही. चळवळ मोडायची असं ठरवून सरकारनं काळ्या वस्त्यांमध्ये हेरॉइन किंवा क्रॅक, म्हणजे कोकेनचे ओढायचे खडे, पोचवलं, असं सिद्ध करणारा कागद आजवर पुढं आलेला नाही. एवढ्यावरून ‘म्हणजे ही सगळी अफवाच’ असं म्हणत विषय मिटवणाऱ्यांशी मात्र माझं जास्त मोठं भांडण आहे. सरकारच्याच कागदांतून आणि सरकारच्याच समित्यांसमोर जे बाहेर आलंय ते नीट वाचलं की कट होता की नव्हता हा प्रश्न मागं पडतो. त्यांना काय ठाऊक होतं आणि ठाऊक झाल्यावर त्यांनी काय केलं, हा प्रश्न पुढं येतो.

८ मार्च १९७१ च्या रात्री निम्मी अमेरिका मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या लढतीकडं कान लावून बसली होती. त्याच रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या छोट्या गावात काही युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी एफबीआयचं कार्यालय फोडलं, फाइली पळवल्या आणि वर्तमानपत्रांना पाठवून दिल्या. त्यातून कॉइंटेलप्रो हे नाव जगाला कळलं. १९५६ पासून चालू असलेला हा गुप्त कार्यक्रम देशातल्याच चळवळी आतून पोखरण्यासाठी होता. निनावी पत्रं लिहून नवरा-बायकोत संशय पेरायचा, कार्यकर्त्याच्या मालकाच्या कानावर काहीबाही घालायचं, दोन संघटनांमध्ये मारामाऱ्या लावून द्यायच्या. सिनेटच्या चर्च समितीनं १९७५-७६ मध्ये चौकशी केली तेव्हा आकडा बाहेर आला: काळ्यांच्या संघटनांविरुद्ध मंजूर झालेल्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या ब्लॅक पँथर पक्षाविरुद्ध होत्या.

नशेच्या पदार्थांचा उल्लेख याच कागदांत सापडतो. जुलै १९६८ मध्ये एफबीआयच्या मुख्यालयातून देशभरच्या शाखांना एक पत्र गेलं. डाव्या विद्यार्थी चळवळी खिळखिळ्या करण्याचे डझनभर उपाय त्यात होते. त्यातला एक असा: या मंडळींमध्ये गांजा आणि इतर अमली पदार्थ सर्रास वापरले जातात, तेव्हा त्या गुन्ह्याखाली स्थानिक पोलिसांकडून त्यांना अटक करवण्याची संधी मिळते का ते बघत राहा. म्हणजे नशा सरकारनं पुरवली नसेल, पण ती सापडली तर उपयोगाची आहे, हे त्यांनी लेखी ठरवलं होतं.

उपयोग काय होतो ते ह्यूस्टनमध्ये दिसलं. ली ओटिस जॉन्सन हा तिथला काळा विद्यार्थी नेता. साध्या वेशातल्या पोलिसाला गांजाची एक सिगारेट दिली म्हणून १९६८ साली त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. एक सिगारेट, तीस वर्षं. जवळपास चार वर्षं तुरुंगात काढल्यावर संघराज्याच्या न्यायाधीशानं ती शिक्षा मोडीत काढली आणि तो सुटला. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, मिशिगनमध्ये जॉन सिंक्लेअरला गांजाच्या दोन सिगारेटींसाठी दहा वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. हा गोरा कवी-कार्यकर्ता व्हाइट पँथर पक्षाच्या संस्थापकांपैकी. त्याच्याही बाबतीत सिगारेट घेणारे साध्या वेशातले पोलीसच होते. डिसेंबर १९७१ मध्ये ॲन आर्बरला त्याच्या सुटकेसाठी मोठी सभा झाली, जॉन लेनन येऊन गायला, आणि तीन दिवसांत सिंक्लेअर बाहेर आला. जॉन्सनसाठी लेनन आला नव्हता.

या ठिकाणी बहुतेक लेखांमध्ये जॉन एर्लिकमनचं विधान येतं. राष्ट्राध्यक्ष निक्सनचा हा सल्लागार पुढं एका पत्रकाराला म्हणाला म्हणे की युद्धविरोधी तरुण आणि काळे लोक हे आमचे दोन शत्रू होते, गांजा आणि हेरॉइनचे कायदे कडक केले की दोघांनाही मोडता येतं हे आम्हाला माहीत होतं. मुलाखत १९९४ ची, गाजली २०१६ मध्ये. मधल्या काळात, १९९९ ला, एर्लिकमन वारला होता आणि त्याच्या मुलांनी ते बोलणं त्याचं असेल हे मान्य केलं नाही. शिवाय निक्सनच्या काळात अमली पदार्थांसाठीच्या पैशातला अर्ध्याहून मोठा वाटा उपचारांवर जात होता, हीही गोष्ट त्या विधानात नीट बसत नाही. मला ते विधान खोटं वाटतं असं नाही. पण १९६८ चं पत्र हातात असताना मेलेल्या माणसाच्या तोंडच्या वाक्यावर आपली बाजू का टेकवायची? समोरचा वकील नेमकी तीच वीट काढतो आणि सगळी भिंत पडली म्हणून सांगतो.

शिकागोचा पँथर नेता फ्रेड हॅम्प्टन याच्या बाबतीत नेमकं हेच घडताना मी पाहिलंय. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोच्या वेस्ट मनरो रस्त्यावरच्या घरात पोलीस घुसले. नव्वदच्या वर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातली फार तर एक पँथरच्या बंदुकीतली. एकवीस वर्षांचा हॅम्प्टन अंथरुणातच मारला गेला, सोबत मार्क क्लार्कही. घराचा नकाशा, कोणती खोली कुणाची, पलंग कुठं, हे सगळं एफबीआयला विल्यम ओ’नीलनं दिलं होतं. तो हॅम्प्टनच्या सुरक्षेचं काम बघणारा आणि एफबीआयचा पगारी खबऱ्या. नंतर त्याला ३०० डॉलर बक्षीस मिळालं. हॅम्प्टनची होणारी बायको, पोटुशी, शेजारीच होती. तिनं सांगितलं की एवढ्या गोळीबारात त्याला हलवलं तरी तो नीट जागा होईना. कुटुंबाच्या बाजूनं झालेल्या तपासणीत रक्तात सेकोबार्बिटाल हे झोपेचं औषध भरपूर सापडलं. एफबीआयच्या प्रयोगशाळेला ते सापडलं नाही.

रक्त एकाच माणसाचं आणि निष्कर्ष दोन. यावर पन्नास वर्षं वाद चाललाय. मला विचाराल तर कुटुंबाच्या तपासणीवर माझा जास्त विश्वास आहे, पण ती माझी खात्री आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. आणि ओ’नीलनं पेयात औषध घातलं होतं का, या एका प्रश्नावर लोक इतके अडकतात की नकाशा मागं पडतो. नकाशाबद्दल वाद नाही. बक्षिसाबद्दल नाही. १९८२ मध्ये संघराज्य सरकार, कुक काउंटी आणि शिकागो शहर यांनी मिळून १८.५ लाख डॉलर भरपाई दिली, त्याबद्दलही नाही.

मग कागद नसलेल्या आरोपांचं काय करायचं? इथं एक गोष्ट विसरता कामा नये. कागद का नाहीत, हेही आपल्याला ठाऊक आहे. सीआयएनं १९५३ पासून एमकेअल्ट्रा नावाखाली माणसांवर एलएसडी आणि इतर रसायनांचे प्रयोग केले, कित्येकांना न सांगता. केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी व्यसनोपचार रुग्णालयात कैद्यांवर, आणि त्यांत काळेच जास्त होते, एलएसडीचे प्रयोग झाले. काहींना तर सलग ७७ दिवस दिलं. या कैद्यांना मोबदला म्हणून काय मिळायचं? ज्या व्यसनातून बाहेर काढायचं म्हणून त्यांना तिथं ठेवलं होतं तेच मादक द्रव्य. १९७३ मध्ये सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी या कार्यक्रमाच्या फाइली नष्ट करायला लावल्या. चार वर्षांनी सुमारे वीस हजार पानं सापडली, तीही हिशेबाच्या कागदांमध्ये पडून राहिली म्हणून. आपल्याला जे माहीत आहे ते त्या जमाखर्चातून.

म्हणून टस्कीगीत काळ्या माणसांचा गरमीचा आजार चाळीस वर्षं, १९३२ ते १९७२, मुद्दाम बरा न करता नुसता बघत बसलेल्या सरकारबद्दल कुणी म्हणालं की त्यांनीच आमच्या गल्लीत गर्द आणलं, तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. त्याचा संशय अनुभवातून आलाय. दक्षिण आफ्रिकेत तर वर्णद्वेषी सरकारच्या प्रोजेक्ट कोस्ट या गुप्त प्रकल्पात, वाउटर बासन या लष्करी डॉक्टरच्या हाताखाली, मँड्रॅक्स या गुंगीच्या गोळ्यांमधलं मेथाक्वालोन आणि एक्स्टसी शेकडो किलोंनी तयार झालं. जमाव पांगवायला, असं कारण दिलं गेलं. १९९८ मध्ये सत्य आणि सलोखा आयोगासमोर हे सगळं आलं. तो माल काळ्या वस्त्यांमध्ये गेला का, हे पक्कं झालं नाही आणि २००२ मध्ये बासन न्यायालयातून निर्दोष सुटला. त्या वस्त्यांमध्ये बाजारात येणारा मँड्रॅक्स त्या वर्षांत मोठ्या प्रमाणावर आपल्या मुंबईतून जात होता, हे आपणही लक्षात ठेवायला हवं. सरकारनं कारखाना काढला आणि बाजार आधीच तयार होता. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

आता क्रॅक. निकाराग्वात १९७९ मध्ये डावे सँडिनिस्टा सत्तेवर आले आणि त्यांना उलथवण्यासाठी अमेरिकेनं काँट्रा बंडखोरांना पोसलं. पैसा कमी पडत होता, पुढं काँग्रेसनं मदतही तोडली. सिनेटर जॉन केरी यांच्या उपसमितीचा अहवाल एप्रिल १९८९ मध्ये आला. काँट्रांना मदत करणाऱ्यांमध्ये कोकेनचे तस्कर होते, आणि काँट्रांना माल पोचवण्यासाठी परराष्ट्र खात्यानं ज्या कंपन्यांना ८ लाख ६ हजार डॉलर दिले त्या तस्करांच्याच होत्या, हे त्यात नोंदलंय. १९९६ च्या ऑगस्टमध्ये गॅरी वेब या पत्रकारानं सॅन होजेच्या दैनिकात पुढची साखळी मांडली: निकाराग्वाचे दोन व्यापारी, त्यांचा माल, लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्तीतला त्यांचा मोठा गिऱ्हाईक, आणि नफ्यातला काही भाग काँट्रांकडं. सीआयएनं काळ्यांना संपवायला क्रॅक आणलं असं वेबनं लिहिलं नव्हतं. लोकांनी तसं वाचलं, मोठ्या दैनिकांनी त्याच वाचनावर हल्ला चढवला आणि त्याची कारकीर्द संपली. २००४ मध्ये त्यानं आयुष्य संपवलं. वेबनं साखळीचा आकार वाढवून सांगितला अशी टीका झाली आणि ती सगळीच खोटी नव्हती. पण ज्या दैनिकांनी त्याच्या चुका शोधायला माणसं लावली त्यांनी केरी अहवाल आला तेव्हा किती जागा दिली होती?

सीआयएच्या महानिरीक्षकांनी स्वतः चौकशी केली, १९९८ मध्ये अहवाल आला. कट केल्याचं त्यांना आढळलं नाही. पण तस्करीचे आरोप असलेल्या माणसांशी आपल्या संस्थेनं संबंध चालू ठेवले, हे त्यांनी मान्य केलं. आणि एक कागद समोर आला, माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा. १९८२ मध्ये न्याय खातं आणि सीआयए यांच्यात एक लेखी समजुतीचा करार झाला होता. गुन्हा दिसला तर कळवणं सीआयएवर बंधनकारक होतं, पण संस्थेच्या नोकरीत नसलेल्या हस्तकांनी केलेले अमली पदार्थांचे गुन्हे त्या यादीतून वगळले गेले. १९९५ पर्यंत हेच चाललं. तेरा वर्षं. कळवण्याची सक्ती नको म्हणून जो आधीच सही घेऊन ठेवतो, त्याला आपल्या कानावर काय येणार आहे हे ठाऊक असतं.

आपल्याकडं वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक साधारण माहीत असतो. मारायचाच हेतू होता हे सिद्ध झालं नाही म्हणून आरोपी घरी जात नाही. आपल्या कृतीनं माणूस मरू शकतो हे त्याला ठाऊक होतं का, हेही न्यायालय बघतं, कारण ठाऊक असणं हाही गुन्ह्याचा भाग आहे. सामान्य ट्रकवाल्याला आपण हा कायदा लावतो. मग जगातल्या सगळ्यात बलाढ्य सरकारसाठी ‘कट सिद्ध करा, नाहीतर गप्प बसा’ ही वेगळी कसोटी कुठून आली? हेतूचे कागद त्यांच्या कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली, काडेपेटीसकट, त्यांच्याच खिशात. खुनाचा आरोप मी मागं घेतो. सदोष मनुष्यवधाचा घेत नाही.

त्याच वर्षांत देशाच्या आत काय चाललं होतं ते याच्या शेजारी ठेवून बघा. १९८६ च्या कायद्यानं ५ ग्रॅम क्रॅकला आणि ५०० ग्रॅम कोकेनच्या भुकटीला सारखीच, किमान पाच वर्षांची, सक्तीची कैद ठरवली. पदार्थ मुळात एकच. भुकटी श्रीमंत गोऱ्यांच्या पार्ट्यांत, क्रॅक गरीब काळ्यांच्या गल्लीत. क्रॅकच्या कलमाखाली संघराज्याच्या न्यायालयांत शिक्षा झालेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त काळे होते. १०० ला १ हे प्रमाण २०१० मध्ये १८ ला १ वर आणलं गेलं, आणि त्याला सुधारणा म्हटलं गेलं. माल विमानानं आणणाऱ्याबद्दल कळवायची सक्ती नव्हती. कोपऱ्यावर पाच ग्रॅम घेऊन उभ्या पोराला मात्र पाच वर्षं होती.

चळवळीच्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर मी पुन्हा त्या जुन्या सभेतच उभा आहे असं होईल. पँथरचे नियम कडक होते. पक्षाचं काम करताना जवळ नशेचा पदार्थ नको, गर्द घेणारा पक्षात नको. पण पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, ह्यूई न्यूटन, स्वतः कोकेनच्या आणि पुढं क्रॅकच्या आहारी गेला. २२ ऑगस्ट १९८९ रोजी वेस्ट ओकलंडच्या रस्त्यावर गर्दच्या धंद्यातल्या एका पोरानं त्याला गोळी घातली. ज्या वस्तीत त्याच्या पक्षानं लहान मुलांना सकाळचा नाश्ता देण्याचा कार्यक्रम चालवला होता त्याच वस्तीत. न्यूटनला कुणी हात धरून क्रॅक पाजलं नव्हतं. पैशाची अफरातफर, स्वतःच्याच लोकांवर हात उगारणं, हे त्याचं वागणं आम्ही अभ्यासवर्गात कधी बोललो नाही, कारण ‘सरकारनं गर्द पाजलं’ या वाक्यात ते सगळं झाकलं जायचं. ते वाक्य सोडायचं माझं आणखी एक कारण हे.

आणि तरी, सरकारच्या मनात काय होतं याचा अंदाज घ्यायचाच असेल तर एक जागा आहे. गर्द कुणी आणलं हे घटकाभर बाजूला ठेवा. जे लोक गर्द सोडवत होते त्यांच्याशी सरकार कसं वागलं ते बघा.

न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये लिंकन रुग्णालय होतं. वस्तीतले लोक त्याला खाटीकखाना म्हणत. आसपास घरटी हेरॉइन. मायकेल टेबर हा न्यूयॉर्कचा पँथर, पोरवयात स्वतः हेरॉइनच्या विळख्यातून गेलेला. त्यानं तेव्हा लिहिलं होतं की गर्द हा आमच्या लोकांना गुंगीत ठेवणारा राजकीय प्रश्न आहे, आणि हार्लेमची पोरं मरत होती तोवर कुणाला त्याची चिंता नव्हती, गोऱ्यांच्या घरात शिरल्यावर ती सुरू झाली. जुलै १९७० मध्ये यंग लॉर्ड्स या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेनं रुग्णालयाची एक इमारत दिवसभर ताब्यात घेतली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी, पँथर आणि काही डॉक्टरांसोबत, परिचारिकांच्या निवासाचा भाग व्यापला आणि तिथं थेट नशामुक्तीचं काम सुरू केलं. शेवटी शहराला पैसे द्यावे लागले. नाव पडलं लिंकन डिटॉक्स.

सुरुवातीला तिथं हेरॉइनऐवजी द्यायचं मेथाडोन हे औषध देत. पण एक नशा सोडवून दुसऱ्या सरकारी नशेवर माणूस जन्मभर बांधून ठेवायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. मग काही जणांनी चिनी सुयांचा उपचार शिकून घेतला. कानाला सुया टोचायच्या, माणसं एका खोलीत गोल बसवायची, अंगातली थरथर कमी होईपर्यंत शेजारी बसायचं. सोबत राजकीय शिक्षण: आपल्या नसेत हे कुठून आलं, कुणाला त्याचा पैसा मिळतो. या कामात मुटुलु शाकूर हा काळा कार्यकर्ता पुढं होता. व्यसन सुटलेली पोरं तिथंच राहून दुसऱ्यांना सुया टोचत. सरकारी पैशाची उधळपट्टी होते, हिशेब लागत नाहीत, असे आरोप केंद्रावर झाले; हिशेब चोख होता असा दावा मीही करणार नाही. पण हिशेब तपासायला हिशेबनीस पाठवतात.

नोव्हेंबर १९७८ मध्ये महापौर एड कॉच यांच्या प्रशासनानं तिथं पोलीस पाठवले. केंद्र चालवणाऱ्या लोकांना बाहेर काढलं, उपचार दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांच्या हाती गेले. कानाच्या पाच जागी सुया टोचण्याची ती पद्धत आज कित्येक देशांतल्या व्यसनमुक्ती केंद्रांत वापरली जाते. तिच्यासोबतचा दुसरा तास, नसेत हे कुठून आलं ते विचारणारा, तो मात्र त्या पद्धतीत आता शिकवत नाहीत.